पाठीराखा गोष्ठ पाल

आपल्या स्मरणिकेसाठी दरवर्षी मी एखादी पाककृती देते आणि चिटणीसबाई ती निमूटपणे छापतात. यंदा मी फुटबॉलवर लिहिणार आहे असे सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. महिला मंडळाच्या अंकात फुटबॉल कशाला, हा त्यांचा प्रश्न काही गैर नव्हता. परंतु ज्या गृहस्थांविषयी मला लिहावयाचे आहे, त्यांची हकीकत वाचून झाल्यावर ती या अंकात का आली हे माझ्या भगिनींना वेगळे सांगावे लागणार नाही, असा मला भरवसा आहे.

निमित्त घडले ते आमच्या नातीचे. ती शाळेच्या मुलींच्या संघात बॅकला खेळते. आपल्या वसईला फुटबॉल काही नवा नाही. गिरीज, गास, भुईगाव, नंदाखाल इकडची मुले पाऊस पडो वा ऊन, मैदानावर दिसतातच. मुलींचे संघ मात्र आमच्या वेळी कोणी पाहिले नव्हते. मागल्या पावसाळ्यात नातीचा संघ एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एका गोलाने हरला. पोर घरी आली ती चिखलाने माखलेली आणि डोळे सुजलेली. तिने बूट गोणपाटाच्या पिशवीत घातले, पिशवी माळ्यावर टाकली आणि पुन्हा म्हणून बॅकला खेळणार नाही असे जाहीर केले. तिची तक्रार अशी होती की, गोल करणाऱ्या मुलीचा फोटो निघतो, तिला खांद्यावर घेतात. बॅक वीस वेळा चेंडू अडवते ते कोणी मोजत नाही. एकविसाव्या वेळी चुकली की सारे तिच्याकडेच बोट दाखवतात. तिचे बोलणे ऐकताना मला आपल्या हळदीकुंकवाच्या दिवशी आत राहून उसळीचे पातेले सांभाळणाऱ्या बायका आठवल्या. फोटोत त्या कधीच नसतात. पण ते असो.

तिची समजूत घालण्यासाठी मी तिला जी हकीकत सांगितली, तीच येथे लिहिते आहे.

यजमानांच्या बदलीमुळे सन १९८६ नंतरची काही वर्षे आम्ही कलकत्त्यास होतो. तेथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात ते मला शहर दाखवायला घेऊन निघाले. ईडन गार्डन्सच्या बाजूला, मैदानालगतच्या रस्त्यावर एक पुतळा दिसला. आपल्याकडे पुतळा म्हटला की छत्रपती, नाही तर लोकमान्य. येथेही कोणी देशभक्त किंवा कवी असेल असे समजून मी हात जोडले. घरी आल्यावर शेजारच्या आजोबांना विचारले, तेव्हा कळले की मी एका फुटबॉल खेळणाऱ्याला नमस्कार करून आले होते. मी हे थट्टेने सांगू लागले, तर आजोबा हसले नाहीत. नमस्कार योग्य ठिकाणी पोचला, एवढेच त्यांच्या बोलण्याचे तात्पर्य होते. शाळकरी वयात त्यांनी गोष्ठबाबूंना प्रत्यक्ष खेळताना पाहिले होते. पुढे संध्याकाळी चहाच्या वेळी ते सांगत आणि मी स्वेटर विणता विणता ऐके. काही गोष्टी त्यांच्या तोंडून ऐकलेल्या, काही पुढे मी वाचून ताडून पाहिलेल्या.

गोष्ठ पाल यांचा जन्म २० ऑगस्ट १८९६ रोजी पूर्व बंगालातील फरीदपूर जिल्ह्यात भोजेश्वर या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. गोष्ठ हा संस्कृत शब्द. गाईंचा वाडा असा त्याचा अर्थ, आपला गोठा त्याच्यापासूनच आला. आपल्याकडे मुलाचे नाव कोणी गोठा ठेवणार नाही, पण वैष्णव बंगाल्यांना त्यात गाई राखणारा बाळकृष्ण दिसतो. पुढे या मुलाने आयुष्यभर राखणदारीच केली, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

लहानपणीच तो कलकत्त्यास आला आणि कुमारटुलीच्या मैदानावर खेळू लागला. आपल्याकडे गणपतींसाठी पेण, तसे तिकडे दुर्गेच्या मूर्तींसाठी कुमारटुली. गंगेच्या मातीचे ढीग, गवताचे सांगाडे आणि त्या गल्ल्यांत चेंडूमागे धावणारी मुले असे ते ठिकाण. पायात काही घालून खेळायचे असते हे त्या मुलांच्या गावीही नव्हते.

तो पंधराव्या वर्षात असताना २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात एक घटना घडली. तिची आठवण बंगालात आजही काढली जाते. मोहन बागान हा १८८९ साली निघालेला क्लब. त्याने आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असे हरवले. शिवदास भादुरी हे कप्तान होते. अकरा जणांपैकी एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते, बाकीचे दहा अनवाणी. वंगभंगाची चळवळ होऊन गेली होती, लोकांची मने तापलेली होती. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच नियमांनी हरवता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी माणसे रस्त्यावर येऊन रडली, असे आजोबा आपल्या वडिलांच्या आठवणीने सांगत.

या विजयानंतर वर्षा-दोन वर्षांत, सोळा-सतरा वर्षांचा गोष्ठ मोहन बागानात दाखल झाला. कालीचरण मित्र नावाच्या जाणत्या गृहस्थांनी त्याला हेरला, असे सांगतात. जो संघ नुकताच अजिंक्य ठरला त्यात शिरणे म्हणजे केवढे भाग्य, असे आपल्याला वाटेल. नीट पाहिले तर ते भाग्य नव्हे, ओझे होते. वडील जाऊने एकदा पंचपक्वान्नांचा स्वयंपाक करून नाव मिळवले की धाकटीला रोजच्या आमटीतही तीच चव दाखवावी लागते. कलकत्त्याचे लोक दरवर्षी पाऊस सुरू झाला की १९११ ची वाट पाहू लागत आणि दरवर्षी काहीतरी कमी पडे. मोहन बागानला शील्ड पुन्हा मिळाली ती १९४७ साली. कलकत्ता लीगचे अजिंक्यपद पहिल्यांदा मिळाले ते १९३९ साली. गोष्ठबाबू खेळले ती वीस-बावीस वर्षे नेमकी या दोन विजयांच्या मधली. कूचबिहार चषकासारखे लहान चषक त्यांना मिळाले. ज्या दोन बक्षिसांसाठी सारा बंगाल डोळे लावून बसे, त्यांतले एकही त्यांच्या हाताला लागले नाही. तरीही त्या काळच्या साऱ्या हिंदुस्थानी खेळाडूंत त्यांच्याएवढे नाव दुसऱ्या कोणाचे झाले नाही. हे कसे, हाच माझ्या नातीचा प्रश्न होता आणि माझाही.

त्यासाठी बॅकचे काम काय ते थोडे सांगितले पाहिजे. ज्यांना खेळ माहीत आहे त्या भगिनींनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. त्या काळी अकरांपैकी पाच जण आघाडीला, तीन मध्ये, दोन मागे आणि शेवटी गोलरक्षक अशी मांडणी असे. मागचे दोघे ते बॅक. ऑफसाइड नावाचा एक नियम आहे. चेंडू पुढे टाकला जातो त्या क्षणी, ज्याच्याकडे तो टाकला त्या आघाडीच्या गड्याच्या पुढे विरुद्ध बाजूचे अमुक इतके गडी असलेच पाहिजेत, असा तो नियम. सन १९२५ पर्यंत हा आकडा तीन होता. म्हणून चतुर बॅक जोडीने खेळत. एक पुढे, एक मागे. पुढचा योग्य वेळी एक पाऊल आणखी पुढे सरकला की चाल करून येणारा आपसूक नियमात सापडे. १९२५ साली तिनाचे दोन झाले आणि बॅकची ही युक्ती फार जोखमीची झाली. पाऊल चुकले की मागे एकटा गोलरक्षक. गोलांची संख्या सगळीकडे वाढली. नियम बदलला तेव्हा गोष्ठबाबू एकोणतीस वर्षांचे होते. त्या वयात खेळाडू नवी सवय लावून घेण्यापेक्षा निवृत्तीचा विचार करू लागतो. हे त्यानंतर आणखी दहा वर्षे खेळले.

आणि खेळले ते अनवाणी. समोर पलटणीतले शिपाई, पायात जाड चामड्याचे बूट, तळाला ठोकलेल्या गट्ट्या. कलकत्त्याचा फुटबॉलचा हंगाम म्हणजे ऐन पावसाळा. कोरड्या मैदानावर अनवाणी पाय चपळ, चेंडूला जणू हाताने झेलावे तसा झेलणारा. पण पाऊस लागला की तोच पाय घसरतो आणि चामड्याचा चेंडू पाणी पिऊन धोंड्यासारखा जड होतो. आपण भातलावणीच्या दिवसांत बांधावरून चालतो तेव्हा पाय कसा निसटतो ते आठवावे. आणि तेव्हा समोरून बूट घातलेला धिप्पाड सोजीर अंगावर धावून येतो आहे अशी कल्पना करावी. गोष्ठबाबू अंगाने भरभक्कम होते. ते त्याला अंगाने अडवीत, पायातून चेंडू काढून घेत आणि मैदानाच्या मध्यापलीकडे भिरकावून देत. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी त्यांना चीनची भिंत म्हणावयास सुरुवात केली. आजोबा सांगत, चेंडू त्यांच्या पायाशी गेला की प्रेक्षक श्वास सोडत. गोल झाल्यावर लोक ओरडतात हे मी पाहिले होते. एखाद्याच्या पायाशी चेंडू गेल्यावर हजारो माणसे एकदम निश्चिंत होतात, हे मला नवीन होते.

(त्यांच्या घरच्या बायकांनी वीस पावसाळे ते चिखलाचे कपडे कसे धुतले असतील, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही. पांढऱ्या कपड्यावरचा बंगाली चिखल काय असतो ते मी स्वतः अनुभवले आहे.)

हिंदुस्थानी क्लबांना तेव्हा सारे दरवाजे उघडे नव्हते. कलकत्ता लीग १८९८ साली सुरू झाली ती गोऱ्या संघांसाठी. मोहन बागानला तिच्यात प्रवेश मिळाला १९१४ साली, तोही दुसऱ्या वर्गात. पुढच्या वर्षी पहिल्या वर्गात. पहिल्या वर्गात हिंदुस्थानी संघ दोनच असावेत, असा दंडक त्यानंतरही बरीच वर्षे होता. म्हणजे घरात यायचे, पण ओसरीवर दोनच पाट मांडलेले. अशा लीगमध्ये टिकून राहावयाचे तर गोल करणारे लागतात त्याहून गोल होऊ न देणारे अधिक लागतात.

१९२१ साली गोष्ठबाबू कप्तान झाले आणि १९२६ पर्यंत ती जबाबदारी त्यांच्याकडे होती. या काळातले १९२३ हे साल मला त्यांच्या चरित्रातले सर्वांत बोलके वाटते. बारा वर्षांनी मोहन बागान पुन्हा शील्डच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. समोर कलकत्ता फुटबॉल क्लब हा गोऱ्या साहेबांचा संघ. मैदान पावसाने चिखल झालेले. बारा वर्षे ज्याची वाट पाहिली तो दिवस उजाडला आणि मोहन बागान ०-३ असा हरला. कप्तान बॅक आणि गोल तीन झालेले. आमच्या नातीने एका गोलासाठी बूट माळ्यावर टाकले, म्हणून हा आकडा मी तिला दोनदा सांगितला.

त्याच वर्षी मोहन बागान आपल्या मुंबईस आला. रोव्हर्स चषकाची स्पर्धा मुंबईत १८९१ पासून चालू होती. तीत गोऱ्या पलटणींचाच वरचष्मा असे. कलकत्त्याचे हे अनवाणी खेळाडू एकामागून एक सामने जिंकत अंतिम फेरीपर्यंत पोचले. अंतिम सामन्यात डरहम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४-१ असे हरवले. त्या दिवसांत आपल्या वसईची गाडी थेट कुलाब्यापर्यंत जात असे. पान, केळी आणि फुलांचे हारे घेऊन आपली माणसे पहाटेच मुंबईस पोचत. त्यांतले कोणी माल विकून झाल्यावर त्या मैदानाच्या कुंपणाशी उभे राहिले असेल का, असे माझ्या मनात नेहमी येते. आपल्या एखाद्या जुन्या घरात तशी आठवण कोणी सांगत असेल, तर मला जरूर कळवावी.

एकाच वर्षात दोन अंतिम सामने हरलेला कप्तान. दुसरा असता तर लोकांनी त्याचे नाव टाकले असते, किंवा त्याने स्वतःच घर बदलले असते. घर बदलण्यास त्यांना निमित्तही होते. कलकत्त्यात मूळचे पश्चिम बंगाली आणि पूर्वेकडून आलेले यांच्यात बोलीवरून, जेवणावरून, मासळीवरून कायमची चढाओढ. आपल्याकडे वाडवळ आणि सामवेदी एकमेकांच्या बोलीची थट्टा करतात तशीच, पण तिकडे तिला धार अधिक. पूर्वेकडच्या मंडळींनी १९२० साली ईस्ट बेंगॉल हा आपला वेगळा क्लब काढला. गोष्ठबाबू जन्माने फरीदपूरचे, म्हणजे पूर्वेचेच. नव्या क्लबाच्या अगदी पहिल्या लहानशा स्पर्धेत ते त्यांच्या बाजूने उतरलेही होते. परंतु तेवढे झाल्यावर ते मोहन बागानात परतले आणि कायमचे तेथेच राहिले. पुढे २८ मे १९२५ रोजी लीगमध्ये हे दोन क्लब प्रथमच समोरासमोर आले. मोहन बागानचे कप्तान गोष्ठबाबू. समोर त्यांच्याच मुलुखाची माणसे. नेपाल चक्रवर्ती यांच्या गोलाने ईस्ट बेंगॉल १-० असा जिंकला. माहेरची माणसे जिंकली आणि आपण सासरच्या बाजूने हरलो, असा तो प्रसंग. त्या दिवशी त्यांना काय वाटले असेल ते आपल्यापैकी पुष्कळजणींना कळेल. त्याच साली मोहन बागान सिमल्यास ड्युरंड चषकासाठीही जाऊन आला.

ते नुसते फुटबॉलच खेळत असे नव्हे. क्रिकेट, हॉकी, टेनिसही खेळत. क्रिकेटची एक हकीकत बंगालात अजून सांगतात. १९२८ च्या सुमारास कलकत्त्याच्या गोऱ्या क्रिकेट क्लबाशी सामना होता आणि मोहन बागानचे काही गडी धोतर नेसून उतरले. गोष्ठबाबूंनी त्या वेषातच गोलंदाजी करून बळी घेतले. बळी पडू लागल्यावर समोरच्यांना धोतर खुपू लागले आणि या वेषात खेळता येणार नाही असा आक्षेप निघाला. मोहन बागानने कपडे बदलण्याऐवजी सामना सोडून दिला. धोतराने चेंडू वेगळा वळतो असे क्रिकेटच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही, असे आमचे हे म्हणतात.

१९३० साली सविनय कायदेभंग सुरू झाला तेव्हा हिंदुस्थानी क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतले आणि त्या वर्षीची लीग अर्धवट राहिली. खेळाडूचे आयुष्य मोजक्या पावसाळ्यांचे. त्यातला एक असा गेला. गोष्ठबाबू तेव्हा चौतीस वर्षांचे होत आले होते.

१९३३ साली सिलोनला हिंदुस्थानी संघ गेला, त्याचे कप्तानपद त्यांना देण्यात आले. कोलंबोस यजमान संघाला हिंदुस्थानने १-० असे हरवले. १-० या आकड्याकडे जरा पाहावे. पुढचा एक आकडा आघाडीच्या गड्याचा. मागचे शून्य मात्र मागच्यांनी राखलेले असते. सदतिसाव्या वर्षी, परदेशात, त्यांनी ते शून्य राखले. पुढल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा दौरा होता. कप्तान म्हणून निवड त्यांचीच झाली होती, परंतु दुखापतीमुळे जाता आले नाही आणि संघाचे नेतृत्व सन्मथ दत्त यांनी केले.

त्याच १९३४ साली कलकत्ता लीग प्रथमच एका हिंदुस्थानी संघाने जिंकली. तो संघ मात्र मोहन बागान नव्हता, मोहमेडन स्पोर्टिंग होता. आणि ते वर्ष धरून सलग पाच वर्षे तोच जिंकत राहिला. त्यांचे खेळाडू ओल्या मैदानावर बूट घालून उतरत. इतकी वर्षे अनवाणी पाय ज्या चिखलात हरत आले होते, त्यावरचा उपाय इतका साधा होता. मोहन बागानने तो आधी का केला नाही, हा प्रश्न मी आजोबांना विचारला होता. त्यांना तो फारसा आवडला नाही. अनवाणी जिंकण्यात जो अभिमान होता तो सोडवत नव्हता, असे माझे स्वतःचे मत आहे. आणि १९११ चा विजय त्या अभिमानाला कारण झाला. चांगल्या आठवणीही कधी कधी पायात अडकतात. देशाच्या संघाचे बहुतेक खेळाडू तर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही अनवाणीच खेळले. १९५२ साली हेलसिंकीस युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवल्यावर कोठे आपल्याकडे बुटांची सक्ती झाली.

शेवट आला तो १९३५ साली. कलकत्ता फुटबॉल क्लबाशी सामना होता. पंचांचे निर्णय एकामागून एक मोहन बागानच्या विरुद्ध जात होते, अशी हकीकत सांगतात. हुज्जत घालावी तर पंचाला मैदानाबाहेर काढण्याचा अधिकार. तेव्हा मोहन बागानचे खेळाडू मैदानावर सरळ आडवे झाले. हात उचलला नाही, शब्द बोलले नाहीत, नुसते निजून राहिले. ज्याला वीस वर्षे भिंत म्हटले तो माणूस आपण होऊन आडवा झाला, हे दृश्य मी डोळ्यांसमोर आणते तेव्हा मला मिठाच्या सत्याग्रहातली माणसे आठवतात. आपल्या किनाऱ्यावरच्या शिरोड्यासही ती अशीच लाठीपुढे बसून राहिली होती. या प्रसंगानंतर लवकरच गोष्ठबाबूंनी खेळ सोडला. चाळिशीला एक वर्ष कमी होते.

त्यानंतर ते चाळीस वर्षे जगले. जे त्यांना मिळाले नव्हते ते सारे त्यांच्या क्लबाला त्यांच्या डोळ्यांदेखत मिळत गेले. १९३९ साली लीग. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, शील्ड. ती जिंकली तेव्हा समोर ईस्ट बेंगॉल होता. १९५३ साली ड्युरंड. १९५५ साली मुंबईत रोव्हर्स चषक, ज्याच्या अंतिम सामन्यात ते बत्तीस वर्षांपूर्वी हरून गेले होते. आपण लावलेल्या आंब्याचा पाड दुसऱ्याच्या हाताने उतरताना पाहावा, तसे त्यांना वाटले असेल.

१९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फुटबॉल खेळाडूला मिळालेली ती पहिलीच. समारंभास बंद गळ्याचा कोट घालून यावे असा संकेत होता आणि त्यांनी आपण धोतर-कुडत्यावरच येऊ असे कळवले, अशी आठवण सांगतात. शेजारचे आजोबा हे सांगताना नेहमी स्वतःच्या धोतराचा सोगा नीट करीत.

८ एप्रिल १९७६ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. १९८४ साली मैदानापाशी तो पुतळा उभा राहिला आणि तेथील रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले. मोहन बागानचे मैदान तेथून जवळच आहे. सामन्याच्या दिवशी त्या रस्त्याने हजारो माणसे जातात. त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना खेळताना पाहिलेले नाही. ज्या शिवदास भादुरींनी शील्ड जिंकून दिली त्यांच्याविषयी बंगाल्यांना आदर आहेच. परंतु गोष्ठबाबूंचे नाव घेताना आजोबांच्या आवाजात जे येई त्याला मी आदर म्हणणार नाही. रात्री उशिरा घरी येणाऱ्या मुलासाठी दाराची कडी न लावता जागी राहिलेल्या आईविषयी बोलताना माणसाचा आवाज जसा होतो, तसा तो होई.

१९९८ साली टपाल खात्याने गोष्ठ पाल यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. तेव्हा आम्ही वसईस परत आलो होतो. यजमानांनी ते मुंबईच्या मोठ्या पोस्टातून आणून दिले आणि मी ते इतकी वर्षे हरिपाठाच्या पुस्तकात ठेवले होते. नातीला सारे सांगून झाल्यावर मी ते काढून तिच्या हातावर ठेवले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि त्यांनी एकंदर किती गोल केले, असे मला विचारले. मी म्हटले, ते कोणी सांगत नाही. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर, अनवाणी पायावर बुटाच्या गट्ट्या पडल्या तर दुखत नसेल का, असे तिने विचारले. दुखत असणारच, असे मी सांगितले.

तिकीट तिने मागून घेतले आहे. बूट अजून माळ्यावरच आहेत. पाऊस यायला महिना आहे.